विंगेत उभ्या मुलास आईचे पत्र

चि. बाळास,
सोलापूरहून आईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा रात्री फोनवर तू जे सांगितलेस त्याला मी नीट उत्तर दिले नाही, कारण तुझ्या मागे वसतिगृहातला गोंगाट चालू होता आणि अशा विषयावर घाईघाईने बोललेले मनात टिकत नाही. म्हणून सवडीने हे पत्र लिहिते आहे. महाविद्यालयात मोजक्या प्रेक्षकांसमोर तुमच्या एकांकिकेची रंगीत तालीम झाली, त्या म्हाताऱ्या गिरणी कामगाराच्या लांब स्वगताच्या मध्यावर तुझे शब्द गेले, तुझ्या मैत्रिणीने पुढचे वाक्य घेऊन प्रसंग सावरला, आणि आता पुण्यातल्या पुरुषोत्तम करंडक या आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेची प्राथमिक फेरी तोंडावर आली असताना ही भूमिका दुसऱ्याला द्यावी व आपण प्रकाशयोजना सांभाळावी असे तू दिग्दर्शकाला सांगणार आहेस. प्रकाशयोजना हे हलके काम नव्हे आणि तुला ते मनापासून करायचे असेल तर मी एक शब्दही बोलणार नाही. परंतु ज्या आवाजात तू हे सांगितलेस त्यावरून तुला दिव्यांची ओढ लागलेली नाही, तुला रंगमंचावरून खाली उतरायचे आहे एवढेच मला कळले. म्हणून माझी विनंती अशी की दिग्दर्शकाशी बोलण्याआधी हे पत्र शेवटपर्यंत वाच.

तुझ्या जन्माच्या आधीपासून मी इथल्या हौशी नाटकांची रंगभूषा करते, त्यामुळे रंगमंचाच्या भीतीविषयी मला जे माहीत आहे ते आधी हातांना कळलेले आहे. राज्य नाट्य स्पर्धेचे सोलापूर केंद्र हुतात्मा स्मृती मंदिरात भरते तेव्हा प्रेक्षकाला नट दिसतो तो तिसऱ्या घंटेनंतर. मला तो त्याआधी तासभर, वीतभर अंतरावरून दिसत असतो. पॅनकेक या रंगभूषेच्या रंगाचा ओला स्पंज वरच्या ओठावरून फिरवला की नुकत्याच पुसून घेतलेल्या जागी घामाचे बारीक थेंब उभे राहतात आणि त्या ओलाव्यावर मिशीचा स्पिरिट गम धरत नाही. मानेला रंग लावताना जबड्याखालची शीर बोटाला ठोके देते. हात रंगवायला घ्यावेत तर ते भर उन्हाळ्यात, सोलापूरच्या उन्हाळ्यात, बर्फासारखे गार लागतात. काजळ घालताना समोरच्याचा गुडघा इतका हलत असतो की रेघ सरळ येत नाही. हे फक्त नवख्यांचे होते असे समजू नकोस. अभिनयाची रौप्यपदके घरात मांडून ठेवलेल्या माणसांचेही अगदी असेच होते, आणि तीच माणसे वीस मिनिटांनी रंगमंचावर असे काही करून जातात की विंगेत उभे राहून पाहताना माझ्या हातातला ब्रश तसाच राहतो.

तुला या भूमिकेसाठी आधी घाबरणे थांबवावे लागेल आणि मगच रंगमंचावर पाऊल ठेवता येईल असे तू धरून चालला आहेस. हा क्रमच मला मान्य नाही. मी पाहिलेल्या एकाही चांगल्या नटाची भीती आधी गेलेली नव्हती. ती असतानाच आपले काम करत राहायची सवय त्यांनी लावून घेतली होती, आणि ज्याला आपण आत्मविश्वास म्हणतो तो त्या सवयीच्या मागून, पुष्कळ उशिरा आला होता.

शरीरात काय घडते ते एकदा समजून घे, म्हणजे त्याचे भय निम्मे होईल. शेकडो डोळे आपल्यावर रोखलेले आहेत हे मेंदूला संकटच वाटते आणि मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी रक्तात अ‍ॅड्रेनॅलिन सोडतात. हृदय जोरात धडधडू लागते, श्वास जलद होतो, त्वचेकडचे रक्त मोठ्या स्नायूंकडे वळते म्हणून हात गार पडतात, पचन मंदावते म्हणून पोटात कालवाकालव होते आणि लाळ आटल्यामुळे जीभ टाळूला चिकटते. यात बिघाड कोणताच नाही; धावण्याच्या शर्यतीआधीही शरीर हेच करते, फक्त तिथे ती ताकद लगेच पायांत खर्ची पडते आणि विंगेत उभ्या असलेल्या नटाला ती वापरायला जागा नसते. आणखी एक गोष्ट तुला माहीत असलेली बरी. लोकांसमोर बोलणाऱ्या बहुतेकांच्या हृदयाचे ठोके अगदी सुरुवातीच्या क्षणांत सर्वाधिक असतात आणि पुढे ते आपोआप उतरत जातात. म्हणून पहिली दोन-तीन मिनिटे कशी काढायची याचीच तयारी सर्वांत पक्की असावी लागते. तिथे नवीन काही करून बघायचे नसते.

हिराचंद नेमचंद वाचनालयातून मी या विषयावर जे मिळेल ते गेली काही वर्षे वाचत आले आहे, त्यातली तीन उदाहरणे मला फार महत्त्वाची वाटतात. पाब्लो कासाल्स हे विसाव्या शतकातले सर्वश्रेष्ठ चेलोवादक मानले जातात. 1901 मध्ये अमेरिकेत डोंगर चढत असताना एक दगड घरंगळत येऊन त्यांच्या हातावर पडला आणि बोटे चिरडली गेली, तेव्हा त्यांच्या मनात पहिला विचार आला तो सुटकेचा, की आता आपल्याला पुन्हा वाजवावे लागणार नाही. हात बरा झाला आणि ते पुढे अनेक दशके वाजवत राहिले. मैफलीआधीची धास्ती मात्र जन्मभर सोबत राहिली. इंग्लंडचे विख्यात नट लॉरेन्स ऑलिव्हिए यांना तर भीतीने गाठले ते पन्नाशी उलटल्यावर, कीर्तीच्या शिखरावर असताना, 1964 च्या सुमारास. शेक्सपिअरचे ‘ऑथेल्लो’ करत असताना रंगमंचावर एकटे राहण्याची त्यांना इतकी धास्ती वाटे की इयागोचे काम करणाऱ्या फ्रँक फिनले यांना त्यांनी विंगेत, आपल्याला दिसेल अशा जागी उभे राहायला सांगितले होते. ही अवस्था काही वर्षे चालली आणि त्या वर्षांत ते काम करतच राहिले. तिसरे उदाहरण उलट दिशेचे आहे. अमेरिकन गायिका बार्ब्रा स्ट्रायसँड 1967 मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधल्या प्रचंड जनसमुदायासमोर गाण्याचे शब्द विसरल्या आणि त्यानंतर जवळजवळ सत्तावीस वर्षे त्यांनी तिकीट लावून जाहीर कार्यक्रम करणे बहुतांशी टाळले. त्यांचा आवाज कुठेही गेला नव्हता. टाळले की त्या रात्रीपुरती सुटका होते आणि पुढच्या वेळेची भीती थोडी वाढलेली असते. असे करत करत दरवाजा बंद होतो. तू दिग्दर्शकाला जे सांगायला निघाला आहेस त्याविषयी माझी काळजी नेमकी हीच आहे.

आता तुझ्या त्या स्वगताकडे येते. शब्द नेमके कुठे गेले हे मी विचारल्यावर तू म्हणालास की तिसऱ्या रांगेतले सर वहीत काहीतरी लिहीत आहेत हे तुला दिसले, आपले हात थरथरताहेत आणि तेच ते लिहीत असावेत असे वाटले, आणि पुढचे वाक्य सापडेना. बाळा, म्हणजे शब्द स्मरणातून गेले नव्हते. तुझे लक्ष त्या म्हाताऱ्यावरून उठून तुझ्या स्वतःच्या हातांवर जाऊन बसले होते. जी गोष्ट सवयीने आपोआप होते तिच्यावर मधेच पहारा बसवला की ती अडखळते. जिन्यावरून उतरताना प्रत्येक पावलाचा विचार करून बघ, तुझ्या लक्षात येईल. म्हणूनच घाबरलेल्या नटाला ‘स्वतःवर लक्ष ठेव’ असे सांगणारा माणूस त्याचे नुकसान करतो असे माझे मत आहे. तालमींचे मोबाइलवर चित्रीकरण करून रात्री पुन्हा पुन्हा पाहण्याची जी पद्धत तुम्ही मुलांनी धरली आहे तीही फेरीच्या आधीच्या आठवड्यात बंद करावी. त्या वेळी स्वतःचा चेहरा पाहून फायदा होत नाही, पहारा तेवढा वाढतो.

लक्ष कुठे ठेवायचे हा खरा प्रश्न आहे. समोर सहकलाकार असेल तेव्हा उत्तर सोपे आहे: तिचे वाक्य खरोखर ऐकायचे, जणू ते पहिल्यांदाच कानांवर पडते आहे, आणि तिच्या चेहऱ्यावर काय बदलले ते पाहायचे. स्वगतात समोर कोणी नसते म्हणून तिथे नट बुडतो. पण तुझा म्हातारा ते बोलतो कोणाला? गिरणी बंद होऊन वर्षे झाली आहेत, भोंगा वाजत नाही, आणि तरी तो त्याच वेळेला उठून बसतो असे तू सांगितलेस. मग तो त्या मागाशी बोलत असेल, किंवा मेलेल्या जोडीदाराशी बोलत असेल. जे असेल ते दिग्दर्शकाशी बोलून ठरव, रंगमंचावरची त्याची जागा ठरव आणि बोलताना तिथे बघ. दुसरे असे की त्याच्या हातांना काम दे. आजोबांना मी हे पत्र इथपर्यंत वाचून दाखवले तेव्हा ते काही न बोलता उठले, शिवणाच्या डब्यातला धागा काढला, तोडला, आणि मागावरचा तुटलेला धागा कसा सांधतात ते करून दाखवले: डाव्या हाताच्या अंगठ्याखाली दोन्ही टोके धरायची, उजव्या हाताने एक फेरा द्यायचा, जिभेने टोक किंचित ओले करायचे आणि गाठ इतकी बारीक बसवायची की बोट फिरवले तरी लागू नये. मग धोट्यात, म्हणजे मागावर आडवा धागा नेणाऱ्या साधनात, नवी कांडी कशी बसवतात तेही त्यांनी रिकाम्या हातांनी केले. आयुष्यभर गिरणीत काढलेल्या त्या हातांना आता कंप आहे, आणि गाठ मारताना तो कंप दिसला नाही, कारण त्यांचे सगळे लक्ष गाठीत होते. तू दिवाळीपर्यंत थांबू नकोस. व्हिडिओ कॉलवर आजोबांकडून हे शिकून घे आणि तुझ्या स्वगतात कुठे बसते ते पाहा. म्हाताऱ्या कामगाराचे हात थोडे थरथरले तर ते भूमिकेतच शोभेल, आणि तुला ते लपवण्यात शक्ती घालवावी लागणार नाही.

पाठांतराविषयी मला स्पष्ट बोलले पाहिजे. रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञाने 1965 मध्ये असे मांडले की इतरांच्या उपस्थितीत माणसाची अंगवळणी पडलेली गोष्ट अधिक चांगली होते आणि कच्ची गोष्ट अधिक बिघडते. आपल्याकडचे जुने नट हेच सांगत, की खोलीत सोळा आणे पाठ असलेले रंगमंचावर बारा आणे उरते. तेव्हा ‘मला पाठ आहे’ एवढ्यावर थांबू नकोस. एकाच खोलीत, एकाच खुर्चीवर, पहिल्या वाक्यापासून सुरू करून केलेले पाठांतर साखळीसारखे असते; एक कडी निसटली की पुढचे सगळे हातातून जाते. स्वगताचे विचाराप्रमाणे तुकडे पाड, प्रत्येक तुकड्यात तो म्हातारा काय मिळवू पाहतो आहे हे स्वतःच्या शब्दांत लिहून काढ, आणि मग मित्राला कोणत्याही तुकड्याचा पहिला शब्द देऊन तिथून पुढे जायला सांगू दे. कपडे धुताना म्हण, बसच्या रांगेत मनातल्या मनात म्हण, जिना चढून धाप लागलेली असताना म्हण, कारण रंगमंचावर तुला धाप लागलेली असणारच आहे आणि तेव्हा शब्द कसे निघतात हे तोंडाला आधी कळलेले असावे. एकाच दिवशी पाच तास घोकण्यापेक्षा रोज अर्धा तास, मध्ये झोप पडू देऊन, केलेले पाठांतर जास्त टिकते.

यापेक्षाही महत्त्वाची आणि जवळजवळ कोणीच करत नाही अशी एक तालीम आहे, ती म्हणजे चुकण्याची तालीम. आपल्या सर्व तालमी सगळे सुरळीत जाईल असे धरून होतात, म्हणून पहिली चूक झाली की नटाला वाटते की सगळे संपले. तुमच्या गटाला सांग की आठवड्यातून एखादी तालीम अशी ठेवा जिच्यात मैत्रीण मुद्दाम तुझे उत्तर यायच्या आत पुढचे वाक्य घेईल, कोणीतरी वस्तू चुकीच्या जागी ठेवील, दिवा वेळेवर येणार नाही, आणि तू स्वगताच्या मध्यावर ठरवून थांबशील. थांबल्यावर काय करायचे हे शरीराला शिकव: हातातले काम चालू ठेवायचे, श्वास सोडायचा, ज्याच्याशी बोलतो आहेस त्या जागेकडे पाहायचे आणि जो विचार आठवेल तिथून पुढे जायचे. एखादे वाक्य गळले तर गळू दे; संहिता प्रेक्षकांच्या हातात नसते. तुला अनंतकाळ वाटलेली ती शांतता किती वेळ होती असे तू मैत्रिणीला विचारलेस का? मी पैजेवर सांगते की ती चार-पाच सेकंदांपेक्षा जास्त नसणार, आणि त्या म्हाताऱ्याला चार सेकंद गप्प बसायचा पूर्ण अधिकार आहे.

लोकांना आपली भीती दिसते हा तुझा समजही तपासून पाहा. केनेथ सवित्स्की आणि थॉमस गिलोविच यांनी 2003 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे आढळले की भाषण करणाऱ्याला आपली घालमेल जितकी उघड दिसते असे वाटते तितकी ती ऐकणाऱ्यांना जाणवत नाही. आणि ही गोष्ट ज्यांना आधी समजावून सांगितली होती त्यांची भाषणे इतरांपेक्षा चांगली झाली. माझ्या अनुभवाशी हे तंतोतंत जुळते. ज्याची मान मी रंगवताना उडत होती त्याच्याविषयी बाहेर येणारे प्रेक्षक ‘काय सहज काम केले’ असे बोलताना मी कितीदा ऐकले आहे.

विंगेत उभा राहशील तेव्हा ‘शांत हो, शांत हो’ असे स्वतःला बजावू नकोस. धडधडणारे हृदय हुकमाने शांत होत नाही आणि तो हुकूम पाळला गेला नाही की माणूस आणखी घाबरतो. अ‍ॅलिसन वूड ब्रूक्स यांनी 2014 मध्ये मांडलेल्या अभ्यासात, गाण्यापूर्वी किंवा भाषणापूर्वी स्वतःला शांत करू पाहणाऱ्यांपेक्षा ‘मला हुरूप आला आहे’ असे मोठ्याने म्हणणाऱ्यांची कामगिरी सरस ठरली, कारण भीतीत आणि हुरुपात शरीराची अवस्था जवळजवळ सारखीच असते. श्वासाचे म्हणशील तर लोक ‘खोल श्वास घे’ सांगतात आणि घाबरलेला माणूस भराभर मोठे श्वास घेऊन बोटांना मुंग्या व डोक्याला गरगर आणून बसतो. तू श्वास सोडण्याकडे लक्ष दे: नाकाने साधा श्वास घे आणि ओठ किंचित मिटून, घेतला त्याच्या दुप्पट वेळात सावकाश सोड. लांब उच्छ्वासाने हृदयाची गती खरोखर थोडी खाली येते. पाय जमिनीवर नीट रोवून उभा राहा, गुडघे ताठ करू नकोस, जबडा सैल सोड. एन्ट्रीआधी विंगेत चार-दोन बैठका मारल्यास तरी चालेल; साठलेल्या ताकदीला वाट मिळते.

इथे एक गोष्ट आईच्या अधिकाराने सांगते. वसतिगृहात कोणी मित्र ‘धडधड थांबवणारी गोळी’ देऊ करील, कारण प्रोप्रानोलॉल नावाचे औषध कलाकार मंडळींत घेतले जाते हे अनेकांना माहीत असते. तुला लहानपणी बालदमा होता. दम्याच्या माणसाला त्या औषधाने श्वासनलिका आवळून जिवावर बेतू शकते, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय तसले काहीही तोंडात घालू नकोस. चहा-कॉफीही त्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त घेऊ नकोस, त्याने थरथर वाढते. सोबत शेंगाची चटणी आणि कडक भाकरी पाठवली आहे, ती मित्रांना दे आणि तूही खा. फक्त प्रयोगाच्या दिवशी चटणी खाऊ नकोस, तिखट आणि शेंगदाण्याचा कूट दोन्ही घशाला लागतात. त्या दिवशी वरण-भात, आणि प्रयोगाच्या आधी दोन तास पोट हलके. पाणी दिवसभर घोट घोट पीत राहा. घंटा झाल्यावर तांब्याभर पिऊन उपयोग नसतो. आणि ही भीती रंगमंचापुरती न राहता झोप, जेवण, वर्गात जाणे यांवरही चालून यायला लागली तर समुपदेशकाकडे जायला मुळीच संकोच करू नकोस. त्यावर उपचार आहेत आणि ते लागू पडतात.

सिद्धेश्वरांच्या गड्ड्याची यात्रा तू लहानपणापासून पाहतोस. संक्रांतीच्या वेळी ते सात उंच नंदीध्वज लाखोंच्या गर्दीतून अडुसष्ट लिंगांच्या वाटेवर निघतात, आणि पांढऱ्या बाराबंदीतला मानकरी तो भार कमरेवर पेलून चालतो तेव्हा आपण त्याची भक्ती आणि ताकद पाहतो. पण त्याच्या किती तरी आधीपासून थंडीच्या रात्री हीच मंडळी रस्त्यावर सराव करत असतात, हेही तू गल्लीच्या तोंडाशी उभा राहून पाहिले आहेस. गर्दीच्या दिवशी त्यांना नवीन काही करायचे नसते. आणि पेलणारा एकटा चालत नाही, तोल गेला तर सावरायला भोवती माणसे असतात. तुझ्या मैत्रिणीने पुढचे वाक्य घेतले तेव्हा तिने तेच केले. तू त्याची लाज धरली आहेस, मला वाटते तू तिचे आभार मानायला हवेत. एकांकिका सगळ्यांची असते.

जिथे ही फेरी होते ते भरत नाट्य मंदिर तुझ्यासाठी अनोळखी आहे, हे भीतीचे एक साधे कारण आहे आणि त्याचा उपायही साधा आहे. महाराष्ट्रीय कलोपासक या संस्थेची ही स्पर्धा 1963 पासून चालत आली आहे आणि इतर महाविद्यालयांचे प्रयोग पाहायला मिळतात. तुमच्या आधीच्या दिवशी जाऊन शेवटच्या रांगेत बस आणि तिथून शब्द कसे ऐकू येतात ते ऐक. मुले ‘आवाज कुणाचा’ अशी आरोळी देतात तेव्हा छातीत काय होते तेही बसल्या जागी अनुभवून घे, म्हणजे तुझ्या दिवशी ती आरोळी अंगावर येणार नाही. तुमची वेळ आली आणि नेपथ्य लावायला रंगमंच मिळाला की क्षणभर मध्यभागी उभा राहून रिकाम्या खुर्च्यांकडे पाहा. एकदा दिवे लागले की पुढच्या एक-दोन रांगांपलीकडे तुला फारसे कोणी दिसणारही नाही.

प्रेक्षकांविषयी तुला कोणी असेही सांगेल की समोर माणसे नाहीत, दगड बसले आहेत असे समज. हा सल्ला मला कधीच पटला नाही. आपली रंगभूमी प्रेक्षकांना मायबाप म्हणत आली आहे, आणि ते नुसते सौजन्य नव्हे. कोणी तुला पाडायला तिकीट काढून येत नाही. नट अडखळला की प्रेक्षागृहात सगळ्यांचा श्वास अडकतो, हे मी विंगेतून अनेकदा अनुभवले आहे, कारण त्यांना तो सावरलेला हवा असतो. परीक्षकही वहीत लिहितात ते त्यांचे काम म्हणून. तुझे सर त्या दिवशी काय लिहीत होते ते त्यांना जाऊन विचार. हे तू अजून केले नसशील तर उद्याच कर, कारण जे माहीत नाही त्याची जागा भीती स्वतःच्या मजकुराने भरून काढते.

प्रयोग झाल्यावर त्याच रात्री तो कसा झाला याचा निवाडा करू नकोस. अंगातले अ‍ॅड्रेनॅलिन उतरते तेव्हा मन उगाच खिन्न होते आणि चांगला प्रयोगही वाईट वाटतो. दुसऱ्या दिवशी वही घेऊन, वाटले काय ते सोडून घडले काय ते लिही: कोणते वाक्य गळले, कुठे लक्ष सुटले, कुठे मैत्रिणीचे बोलणे खरोखर ऐकले. आणि मग निकाल काहीही लागो, लवकरच पुन्हा कुठेतरी उभा राहा. गणेशोत्सवात मंडळाच्या मांडवात एखादे अभिवाचन मिळाले तरी ते घे, दहा लोकांसमोर कविता म्हणायला मिळाली तरी म्हण. अभिनेते अतुल कुलकर्णी याच गावात हौशी नाटके करत करत राष्ट्रीय नाट्य विद्यालयात पोहोचले आणि 1995 मध्ये तिथली पदविका घेऊन बाहेर पडले; लहान गावातला हौशी रंगमंच माणसाला जे देतो ते म्हणजे रंगमंचावर उभे राहण्याचे तास, आणि त्यांना दुसरा पर्याय मला तरी अजून दिसलेला नाही.

तेव्हा माझे म्हणणे असे आहे की ही फेरी होईपर्यंत भूमिका सोडू नकोस. फेरीनंतरही तुला दिव्यांकडेच जावेसे वाटले तर आनंदाने जा, आणि तेव्हा मी तुझ्या बाजूने बाबांशीही बोलेन. तुझ्यासाठी पांढरी मिशी विणून ठेवली आहे, ती स्पिरिट गमसह याच पार्सलमध्ये आहे. लावण्याआधी ओठावरचा घाम टिपून, थोडी पावडर मारून, गम चिकट होईपर्यंत अर्धे मिनिट थांब आणि मग ओल्या कापडाने दाबून धर.

तुमच्या प्रयोगाची तारीख कळली की लगेच कळव. आम्ही प्रेक्षागृहात असलेले तुला चालणार असेल तर बाबा आणि मी हुतात्मा एक्स्प्रेसने सकाळी निघून येऊ. नको असेल तर तसे सरळ सांग. घरच्या माणसांसमोर उभे राहणे पुष्कळांना परक्या प्रेक्षकांपेक्षा जड जाते आणि आम्हाला त्याचे वाईट वाटणार नाही. आजोबांचीही यायची फार इच्छा आहे, परंतु तुझे उत्तर येईपर्यंत मी त्यांचे तिकीट काढलेले नाही.

तुझी,
आई